नवघरे, मुक्काम पोस्ट स्पेन

आमच्या धाराशिव जिल्ह्यात नुसतं नाव सांगून सुटका होत नाही. "आडनाव?" हा प्रश्न चहाच्या आधी येतो आणि "मूळ गाव कोणतं?" हा चहाबरोबर. दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय समोरच्याचा चहा घशाखाली उतरत नाही.

भाच्याला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा घरच्यांनी फी विचारली. मी विचारलं, "हे झेवियर कुठले म्हणायचे?"

"मामा, तिथं सोयरीक जुळवायचीय का?"

जुळवायची नव्हती, पण चौकशी केली. फ्रान्सिस झेवियर १५०६ साली स्पेनकडच्या नवारात जन्मले, १५४२ साली गोव्यात उतरले. वडिलांचं आडनाव जासो. झेवियर ही आईकडून आलेली गढी. म्हणजे बाप घरजावई आणि पोराला आजोळचं आडनाव! आमच्याकडं एवढ्यावरून पारावर आठवडाभर चर्चा चालली असती.

गढीचं नाव तिकडच्या बास्क लोकांच्या भाषेतलं. एत्शे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. थोडक्यात, हे आपले नवघरे निघाले!

या नवघऱ्यांची जगभर पांगापांग झाली. स्पॅनिशमधल्या जुन्या 'श'चा पुढं 'ह' झाला, म्हणून तिकडं हाविएर. पोर्तुगीजांनी 'श' सोडला नाही, म्हणून शाविएर. इटलीत साव्हेरिओ, इंग्रजीत झेवियर. तमिळांनी तर सवेरियार करून आदरार्थी प्रत्ययही जोडला. मूळ शब्दाला जास्त धरून राहिलेली पाती म्हणजे एचेवेरिया; त्यातले लुईस एचेवेरिया १९७० साली मेक्सिकोचे अध्यक्ष झाले. अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेल्या हाविएर मिलेईंच्या घरी मात्र संतांच्या पुण्याईनं आडनावाचं नाव झालं. नवघऱ्यांनी दोन देश चालवले, आणि आमच्या भावकीला ग्रामपंचायत जमेना!

बास्कांकडं आडनाव घरावरून पडायचं, आपल्याकडं गावावरून. त्यातही गंमत अशी, की नळदुर्गात राहणाऱ्याला कुणी नळदुर्गकर म्हणत नाही. तो पुण्याला गेला की होतो. आडनाव देतं ते परगाव, आणि त्याचा उच्चार बिघडवतंही तेच.

बास्कांची रीत इथं नाही तेच बरं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं पाडली. पुढं नव्या जागी नवी घरं उठली. घरावरून आडनावं पडली असती, तर सगळा मुलूख नवघरे झाला असता. मग एका आडनावात लग्न कसं लावायचं? पोरगी बघायला पाहुण्यांना थेट मेक्सिको गाठावं लागलं असतं. आणि तिथंही दारात एचेवेरिया निघाले, तर पुन्हा भाऊबंदच!