नावे ठेवायला जागा नाही

सगळ्यांना आवडेल असं लिहा, हा आग्रह हल्ली प्रत्येक लिहिणाऱ्याला ऐकावा लागतो. आजीला समजलं पाहिजे, नातवानं फोनमधून मान वर काढली पाहिजे, न्यू जर्सीच्या मराठी मंडळाला गहिवर आला पाहिजे, कोथरूडला हसू आलं पाहिजे पण कोल्हापूरला राग येता कामा नये, आणि जाहिरातदाराला तर काहीच होता कामा नये. असं लिहिणं अशक्य आहे, असं म्हणून आमचे साहित्यिक मित्र सुस्कारा सोडतात आणि त्याच विषयावरच्या परिसंवादाला जातात. त्यांनी निराश होऊ नये. असा मजकूर महाराष्ट्रात लग्नसराईत रोज छापून बाहेर पडतो. गिरगावात कांदेवाडीला, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या छापखान्यात. त्याला लग्नपत्रिका म्हणतात.

विचार करा, वीतभर कागद आणि त्याचा वाचकवर्ग कोण? तर दोन घरांची कुलदैवतं, तीन पिढ्यांतले दिवंगत, आजोळ, भावकी, आत्याचे यजमान, गावचा सरपंच, ऑफिसातला साहेब, खालच्या मजल्यावरचे जोशी, आणि ज्यांना बोलवायचं नाही पण बोलवलं असं दिसलं पाहिजे ते सगळे. इतक्या परस्परविरोधी अभिरुचीच्या वाचकांना एकाच वेळी सामोरं जायची हिंमत आमच्या एकाही कादंबरीकारात नाही.

वरून सुरुवात करू. मुलाकडची कुलस्वामिनी तुळजापूरची, मुलीकडचा कुलस्वामी जेजुरीचा. दोघांच्या नावांचा टाइप एकाच आकाराचा लागतो, नाहीतर देवाला नाही पण व्याह्यांना खटकतं. मध्ये गणपती, कारण त्याच्यावर दोन्हीकडून आक्षेप नसतो. जिथं असतो तिथं बुद्ध आणि बाबासाहेब असतात, किंवा जोतिराव आणि सावित्रीबाई असतात, आणि कोणती तसबीर कुठं यासाठी तिथंही एक बैठक होतेच. फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि लग्नातून पुरोहित वजा करून दाखवला. पत्रिकेतून भाऊबंद वजा करणं मात्र त्या महात्म्यालाही झेपलं नसतं.

देवांच्या खाली कैलासवासी. जिवंतपणी ज्यांना घरातल्या कुणी विचारून भाजी आणली नाही, ते आता आपल्या पणतीच्या लग्नाला सर्वांना बोलावत असतात. वाचक म्हणून त्यांचा मोठा गुण असा की ते चुका काढत नाहीत.

मग मूळ मजकूर. तो कुणी लिहीत नाही. छापखान्यात प्लॅस्टिकच्या कव्हरांत घातलेली एक जाडजूड फाइल असते, तिच्यात नमुने असतात. पारंपरिक, काव्यात्मक, साधा, आणि हल्ली पर्यावरणपूरक. लग्नघरची मंडळी ती फाइल अर्धा तास चाळतात, काव्यात्मक नमुना मोठ्यानं वाचतात, लाजतात, आणि शेवटी पारंपरिकच नक्की करतात. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं उभ्या महाराष्ट्रात आता कुणी बोलत नाही, पण ते काढायला गेलं तर लग्न कायदेशीर राहील का, अशी सर्वांना शंका असते. साहित्यात शैली शैली म्हणून इतकं बोललं जातं. लेखक नाही, शैली नाही, आणि तरीही एकाही वाचकानं परत न केलेला मजकूर हा असा असतो.

खरं लेखन होतं ते नावांच्या यादीत. परवा एका छापखान्यात माझं काम होतं. माझ्या आधी एक वधूपिता बसले होते, शेजारी त्यांचे चुलतभाऊ, आणि मोबाइलच्या स्पीकरवर बीडहून मेहुणे. यादी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागं बॉलपेननं लिहिलेली, मार्जिनमध्ये बाण. डीटीपी करणारा पोरगा जेमतेम विशीतला.

“काका, अण्णांचं नाव पुढच्या ओळीवर जाईल, इथं बसत नाही.”

“जाऊ दे. पण तात्यांच्या खाली नको.”

“मग दोघांना एकाच ओळीत शेजारी शेजारी टाकतो.”

“शेजारी? अरे, बांधावरनं कोर्टात चालू आहे त्यांचं.”

पोरानं एक शब्द न बोलता दोघांच्या मध्ये कलशाचं चित्र टाकलं. स्पीकरवरून मेहुण्यांनी विचारलं, आमच्या नावापुढं सेवानिवृत्त उपअभियंता घेतलंय ना? घेतलं होतं. मग चुलतभावांना आठवलं की धाकट्या जावयाचं एम.बी.ए. राहिलं. ते घातल्यावर थोरल्या जावयाचं डी.एड. घालणं भाग पडलं. ते घातल्यावर ओळ फुटली. टाइप बारा पॉइंटांवरून नऊवर आला, नऊवरून सातवर. सातवर आल्यावर वधूपित्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, वाचता येत नाहीये पण सगळे आले. “तारीख कुठं घेऊ?” पोरानं विचारलं. “घे कुठंतरी खाली,” चुलतभाऊ म्हणाले, “ती माहीत आहे सगळ्यांना.”

हे शहरातलं झालं. गावाकडची पत्रिका ही वीतभर राहत नाही, तिला घड्या असतात. विकास सोसायटीचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, कारखान्याचे आजी-माजी संचालक, दूध संघाचे संचालक, पोलीस पाटील. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष असतातच. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून शासनानं २००७ साली महात्मा गांधींच्या नावानं ही योजना आणली. आता समितीच्या अध्यक्षांचं नाव उपसरपंचांच्या खाली छापलं गेलं तर तो तंटा कुणी मिटवायचा, याचं उत्तर शासन निर्णयात नाही. त्यांच्या वर आमदार, माजी आमदार, आणि ज्यांच्या नावामागं ‘भावी’ लिहिलेलं नसतं पण फोटोचा आकार तसं सांगतो असे एक तरुण नेतृत्व. पूर्वी दोन पक्ष सांभाळले की काम भागत होतं. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी फुटली, आणि राजकीय विश्लेषकांनी त्याचे अनेक परिणाम सांगितले. पत्रिकेचा मधला रकाना दुप्पट झाला, हा परिणाम कुणी सांगितला नाही. त्यातून एका लग्नात पत्रिकेतल्या एका नेत्यानं इकडून तिकडं उडी मारली ती पत्रिका छापून आल्यावर आणि वाटण्याच्या आधी. तेव्हा वधूच्या काकांनी सातशे पत्रिकांवर पांढऱ्या शाईच्या पेननं पक्षाचं नाव खोडलं आणि माणूस तसाच ठेवला. मराठीत याहून नेमकी राजकीय टिप्पणी मी अलीकडं वाचलेली नाही.

वाचक दोन प्रकारचे असतील तर काय करावं, यावर आपल्याकडच्या जुन्या संपादकांचा उपाय अगदी बाळबोध होता. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा त्यांना एतद्देशीयही वाचायला हवे होते आणि इंग्रजही. त्यांनी पानावर दोन रकाने पाडले, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. १८८१ मध्ये टिळक-आगरकरांच्या मंडळीनं मराठी वाचकासाठी ‘केसरी’ काढला आणि इंग्रजी वाचकासाठी वेगळा ‘मराठा’. पुढं १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. ज्याला दोन वाचक हवेत त्यानं दोन रकाने घ्यावेत, दोन पत्रं काढावीत किंवा दोन माणसं नेमावीत. एकाच वाक्यात दोघांनाही डोळा मारावा असं त्यांना वाटलं नाही. आगरकर तर वाचकाला न आवडणारं तेच मुद्दाम लिहीत. पुण्याच्या सनातन्यांनी त्याची पोच म्हणून त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तिच्या निमंत्रणात आपलं नाव राहिलं म्हणून कुणी रुसल्याची नोंद मात्र इतिहासात नाही.

‘दर्पण’ची परंपरा आजही चालू आहे, म्हणजे पत्रिकेची एक बाजू मराठी असते आणि दुसरी इंग्रजी. फरक इतकाच की मराठी बाजूला पन्नास नावं, आणि इंग्रजी बाजूला दोन. मराठी बाजूवर जी चि. सौ. कां. असते ती उलट बाजूला गेली की नुसत्या पाळण्यातल्या नावावर येते, आणि खाली हॅशटॅग लागतो. तिसरी आवृत्ती फोनवर फिरते. तिच्यात वर आणि वधू एका धबधब्यापाशी धावतात, मग गव्हाच्या शेतात धावतात, मग धुरातून चालत येतात. ही आवृत्ती आजोबांना दाखवायची नसते. आजोबांनी ती सगळ्यांच्या आधी पाहिलेली असते, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पुढं पाठवलेली असते, आणि खाली अंगठा मिळाला नाही म्हणून ते हिरमुसलेले असतात.

तळाशी उतरलं की सूचना सुरू होतात. ‘कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर.’ एक वाक्य, आणि वाचक पाहाल तितके अर्थ. साहेब वाचतात : बरं झालं, सुटलो. आत्या वाचते : हे परक्यांसाठी लिहिलंय. मामा वाचतात : म्हणजे रोख पाकीट. आणि हे वाक्य ज्यांनी छापून घेतलं ते मुलीचे काका कार्यालयाच्या दारापाशी वही, पेन आणि कुलपाची पिशवी घेऊन बसलेले असतात, कारण नको म्हटल्यावरही कुणी किती दिलं हे लिहून ठेवावंच लागतं. परत करायचं असतं ना!

त्याच्याखाली ते अजरामर वाक्य : नजरचुकीनं आमंत्रण राहून गेल्यास हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत हे वाक्य ठीक आहे. पण ज्याला पत्रिका गेलीच नाही त्यानं ते पत्रिकेत वाचायचं कसं? इथं भल्याभल्यांची मती गुंगते. उत्तर सोपं आहे. हे वाक्य न बोलावलेल्यांसाठी नसून बोलावलेल्यांसाठी आहे, म्हणजे ते न बोलावलेल्यांना जाऊन सांगतात की तुमचाही उल्लेख आहे बरं का.

सर्वांत शेवटी किलबिल. आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, असं चार महिन्यांचं बाळ लिहितं, ज्याला अजून बसता येत नाही. त्याचीही सोय पाहिलेली आहे. देवापासून बाळापर्यंत एकही वाचक सुटलेला नाही. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी या प्रकाराकडं अजून लक्ष कसं दिलं नाही, हे कोडंच आहे.

आता यशाचं रहस्य. पत्रिका हातात आली की माणूस काय करतो ते बघा. हळदीकुंकवाचं बोट लागलेलं पाकीट उघडतो, आपलं नाव शोधतो, सापडलं की आपल्या वर कोण आणि खाली कोण ते बघतो, आणि पत्रिका टीव्हीच्या मागं उभी करून ठेवतो. बाकीचं काही वाचत नाही. म्हणून तिथं मामा आणि काका सुखानं नांदतात, कारण मामांनी काकांची ओळ वाचलेली नसते. सगळ्यांना एकाच वेळी आवडायचं असेल तर सगळ्यांसाठी लिहायचंच नाही, प्रत्येकाला त्याची ओळ द्यायची. सरकारला हे केव्हाच कळलं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मंत्रिमंडळानं ब्राह्मणांसाठी परशुरामांच्या नावानं आणि राजपुतांसाठी महाराणा प्रतापांच्या नावानं आर्थिक विकास महामंडळं एका बैठकीत मंजूर केली. ज्याला त्याला आपली ओळ सापडली, कुणी दुसऱ्याची वाचली नाही. काही दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही आता चित्रापेक्षा लेखकांची नावंच जास्त असतात. असा अंक कोण कोण विकत घेतं हे वेगळं सांगायला नको.

पत्रिका अखेरपर्यंत वाचणारा वाचक महाराष्ट्रात मला एकच माहीत आहे, तो विवाह नोंदणी कार्यालयातला कारकून. नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिका जोडावी लागते, नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याला मामा दिसत नाहीत, आमदार दिसत नाहीत, हंसांची जोडी दिसत नाही. वर, वधू, तारीख, ठिकाण. एकदा मात्र बँकांनाही पत्रिका वाचावी लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं लग्नघरांना स्वतःच्याच खात्यातून अडीच लाखांपर्यंत रक्कम काढू दिली आणि पुराव्याच्या कागदांत पत्रिका मागितली. ३० डिसेंबरपर्यंतचं लग्न असेल तरच पैसे मिळणार होते. त्या काही आठवड्यांत बँकेच्या काउंटरवर पत्रिकेतली तारीख पहिल्यांदा आणि नाव शेवटी वाचलं गेलं. मराठी वाचनसंस्कृतीतला तो अल्पजीवी सुवर्णकाळ.

तेव्हा ज्यांच्या घरी या हंगामात कार्य आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. प्रूफ हातात आलं की नावं वाचत बसू नका. ती वाचायला अख्खी भावकी टपलेली आहे आणि काही चुकलं तर तुम्हाला रात्री साडेदहालाही फोन येईल. तुम्ही फक्त कॅलेंडर काढा आणि छापलेल्या तारखेला छापलेला वार खरोखर येतो का, तेवढं बघून घ्या.