निघतो म्हणणाऱ्याचा बाजार

हिवाळ्यात लोक गोव्याला जातात, आम्ही सारंगखेड्याला मावशीकडे. समुद्र नाही, पण तापी आहे, आणि ती सुरतेच्या पुढे अरबी समुद्रालाच मिळते. म्हणजे पाणी तेच, आम्ही फक्त ते जरा आधी गाठतो. बॅरेजमुळे नदी गावापाशी अशी तुडुंब फुगते की काठावर पाय सोडून बसायला आणखी काही लागत नाही. ऊन तर खानदेशात डिसेंबरच्या दुपारीही रजा घेत नाही. रात्री मात्र गोधडीवरून भांडणं होतात.

मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरली की मुक्काम आपोआप लांबतो. खरी परीक्षा तो आवरताना. "उद्या निघतो" हा मावशीच्या लेखी निरोप नसतो, ती नुसती पहिली बोली.

"उद्या? उद्या भरीत आहे."

"मग परवा."

"परवा गुरुवार. दत्ताचा वार टाकून कोणी जातं का?"

"शुक्रवारी?"

"जा बापा. खापरावरचे मांडे करणार होते, पण तू जा."

मावशीचं गाव ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. मावशीचं मत, तेव्हाही जरा थांबायला हरकत नव्हती.

मावशीची ही विद्या यात्रेतल्या घोडेबाजारातली असावी. भाव ऐकून गिऱ्हाईक पाठ फिरवतं, मालक चहाकडे वळतो, आणि जात कोणीच नाही. काकांना घोडा घ्यायचा नाही, बांधायला जागाही नाही. तरी राजस्थान-पंजाबातून आलेल्या चार-दोन घोड्यांचे दात पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात की नाही, हे ते मान तिरकी करून बघतात. गळ्याशी देवमण दिसला की खूश. चारही पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. मग तर भावही विचारतात. डोळ्याखाली भोवरा दिसला की "आसूढाळ!" म्हणत दोन पावलं मागे. घरी आल्यावर त्याच नजरेने माझ्याकडे बघून मावशीला सांगतात, "उतरलाय. आठवडाभर ठेव."

यात्रा मात्र मावशीला विचारून उठत नाही. आकाशपाळण्याचे लोखंडी दांडे जमिनीवर आले, तंबू गुंडाळले गेले. एक काळाभोर घोडा ट्रकच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवून तसाच अडला. मागून तिघे रेटतायत, पुढून एक जण लगाम ओढतोय, मालक गूळ दाखवतोय. घोडा कान टवकारून नदीकडे बघतोय. काकांनी घरी येऊन हे साग्रसंगीत सांगितलं. "मुक्या जनावराला कळतं," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली.

अखेर रविवारवर सौदा पटला. अटी अशा: होळीला यायचं, आणि देईन ते निमूट न्यायचं. पऱ्हाट्यांवर भाजून, बडगीत ठेचलेलं भरीत डब्यात. कच्ची हिरवी वांगी गोणपाटात. कळण्याचं पीठ, नंदुरबारची मिरची, उडदाचे पापड. माझे कपडे वरून उरलेल्या जागेत.

दोंडाईचा स्टेशनला जाणाऱ्या जीपवाल्याने गोणपाट उचलून पाहिलं, खाली ठेवलं, आणि काकांना विचारलं, "पाव्हणे किती म्हणालात?"

"एक."

"आणि ही वांगी मांडीवर घेणार का?"