सोल्डआउट आप्पा

कर्नाटकातल्या आमच्या भालकीत आप्पांना खऱ्या नावानं हाक मारणारे आता दोघेच उरलेत. एक त्यांची म्हातारी आई आणि दुसरा बँकेचा कॅशियर. बाकी गावाला ते ‘सोल्डआउट आप्पा’. हे वाण फक्त आपल्याच मातीत निपजतं असा गर्व मात्र भालकीकरांनी करू नये. बसवकल्याणला एक आहेत, औरादला एक आहेत. आळंदला तर दोघे सख्खे भाऊ याच पंथाचे आहेत आणि नवा फोन आधी कुणाला, यावरून त्यांचं बोलणं बंद आहे असं ऐकतो. पण मला जवळून बघायला मिळाले ते आमचे आप्पा.

धंदा आडतीचा. तूर, उडीद, मूग, सोयाबीन. कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात दोन फोन. त्यांच्या वजनानं खिसा कायमचा ओघळलेला. पैकी एक फोन ‘जुना’ आणि दुसरा ‘सध्यापुरता’. खरा फोन तिसरा, आणि तो नेहमी यायचा असतो. त्याच्या कॅमेऱ्याविषयी आप्पा अर्धा तास बोलू शकतात. सेन्सर किती मोठा, झूम किती पट, अंधारात चंद्र कसा दिसतो. प्रत्यक्षात आप्पांच्या कॅमेऱ्यातून आजवर निघालेले फोटो असे: तुरीचा नमुना, वजनाची पट्टी, सोयाबीनमध्ये सापडलेली माती, आणि पुन्हा तुरीचा नमुना.

नवा फोन जाहीर होतो त्या रात्री आप्पांच्या घरी शिवरात्र असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. घर झोपलेलं, आप्पा ओसरीवर, समोर टीव्ही, मांडीवर आडतीची लाल वही. पलीकडचा गोरा माणूस इंग्रजीत जे काही सांगेल त्यातलं महत्त्वाचं आप्पा ‘आवक’ या रकान्यात लिहितात. ‘जावक’ रकाना त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी, मोकळा ठेवलेला असतो. सकाळी चहाबरोबर काकू त्यात आकडा लिहितात आणि वही मिटतात.

काकूंना फोनचं काही कळत नाही असं आप्पा म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरात आयफोन १७ प्रोची किंमत १,३४,९०० रुपये निघाली, तेव्हा काकूंनी आठ हजार रुपये हमीभावानं मनातल्या मनात भागाकार करून सांगितलं, “सतरा क्विंटल तूर झाली. पोती कुठली घालताय, ते सांगा.” त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं रानातला उडीद झोपवला होता आणि बांधावरून मांजरा नदीचं पाणी फिरलं होतं. आप्पा गप्प बसले. पण गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे आडत्याच्या बायकोला सांगावं लागत नाही.

आप्पांना हा नाद लागला २०१४ मध्ये. त्या वर्षी २२ जुलैला शाओमीचा ‘मी ३’ फ्लिपकार्टवर आला. दुकानात नाही, फक्त इंटरनेटवर, आणि तोही नोंदणी केलेल्यांनाच. पहिल्या खेपेचा माल जेमतेम चाळीस मिनिटं टिकला. पुढच्या खेपा काही सेकंदांत उडाल्या. २ सप्टेंबरला ५,९९९ रुपयांच्या ‘रेडमी १एस’चे ४०,००० नग ४.२ सेकंदांत संपले. आप्पा आजही हा आकडा सांगताना दोन्ही हात जोडतात. त्या काळी भालकीत इंटरनेटचं चाक एकदा फिरायला लागलं की माणूस तंबाखू मळून, खाऊन, थुंकून परत यायचा, तरी चाक फिरतंच असायचं. तिथं ४.२ सेकंदांत बोट पोहोचणार कसं?

पण हार मानतील ते आप्पा कसले. असे सेल मंगळवारी दुपारी दोनला लागायचे. मंगळवारी दोनला आप्पांच्या आडतीवर सौदे बंद. मुनीम, मापाडी, थोरला पुतण्या आणि एक हमाल, अशा चौघांच्या हातात फोन. आप्पा मधोमध उभे, नजर घड्याळावर. “मारा!” म्हणाले की चौघांनी एकदम बोट मारायचं. समोर पोत्यांवर बसलेले शेतकरी हा सोहळा बघत राहायचे.

“आप्पा, उडदाचा भाव काय धरायलाव?” एखादा बिचारा विचारायचा.

“थांब की जरा, दोन मिनिटं.”

दोन मिनिटं कशाला लागतात? चार सेकंदांत सगळं आटपलेलं असायचं. हमालाच्या फोनवर ‘सोल्ड आउट’, मुनिमाच्या फोनवर ‘वेटलिस्ट’, पुतण्याच्या फोनवर चाक. मापाड्याच्या फोनवर मात्र एकदा खरोखर फोन ‘कार्ट’मध्ये पडला. आप्पांनी ओटीपी मागितला. ओटीपी आला तो काकूंच्या नंबरावर, आणि काकू त्या वेळी पापड लाटत होत्या. त्या घरात पापड आणि ओटीपी हे दोन शब्द पुढं बरेच दिवस एका वाक्यात कुणी उच्चारले नाहीत.

त्याच साली ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टनं ‘बिग बिलियन डे’ भरवला. साइट कोलमडली, ऑर्डरी रद्द झाल्या, दुसऱ्या दिवशी खुद्द संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. आप्पांनी ते माफीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. रागावण्याऐवजी चेहऱ्यावर समाधान होतं. एवढी मोठी कंपनी आपल्याला सॉरी म्हणाली, आणखी काय पाहिजे?

आता पिनकोडचं दुखणं. भालकीचा पिन ५८५३२८. आप्पांचं म्हणणं असं की हा आकडा टाकला की साइटचा चेहरा पडतो. ‘आपल्या भागात ही वस्तू पोहोचवता येत नाही.’ मग आप्पांनी सरहद्द ओलांडली. उदगीरला बहीण दिलेली. उदगीर महाराष्ट्रात, पिन ४१३५१७. भालकीहून गाडीत बसलं की मधे कमलनगर आणि मग उदगीरच. बहिणीच्या पत्त्यावर फोन मागवला, आणि चक्क आला. आप्पा दुपारच्या गाडीनं उदगीरला पोहोचेपर्यंत भाच्यानं डबा फोडला होता, कव्हर चढवलं होतं आणि ‘न्यू बेबी’ असं लिहून फोटो स्टेटसवर टाकला होता. भालकीत सगळ्यांनी तो आप्पांच्या आधी पाहिला. आप्पांनी फोन भाच्यालाच ठेवून घ्यायला सांगितला. बहिणीला वाटलं, मामाचं मन मोठं. मामाचं मन मोठं वगैरे काही नव्हतं. दुसऱ्यानं डबा फोडलेल्या फोनला मामाच्या लेखी काडीची किंमत उरली नव्हती.

नंबर न लागल्याचा फायदा आप्पांना आयुष्यात एकदाच झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीनं ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांत द्यायचं जाहीर केलं. देशभरचे लोक साइटवर तुटून पडले, आणि साइटच आडवी झाली. आप्पा पहाटेपासून बसूनही आत शिरू शकले नाहीत. पुढल्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. मी आप्पांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, “तसं नाही मास्तर. आत गेलो असतो तर आपला पहिल्या हजारात नंबर होता.”

यावरून कुणी आप्पांना भोळे समजेल. आडतीवर बसलेले आप्पा भोळे नसतात. हा विरोधाभास मला फार दिवस छळत होता, म्हणून एकदा सरळ विचारलं. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशेच्या आसपास गेली होती. सरकारनं साठ्यावर मर्यादा घातली, गोदामांवर छापे टाकले. कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठार, आपण त्याच्या दारात राहतो.

“आप्पा, तेव्हा खरंच माल नव्हता का हो?”

आप्पा मिशीत हसले. “माल होता की. बाजारात नव्हता.”

“आणि हा फोन?”

आप्पांनी चष्मा काढून पुसला. “मास्तर, तुम्हाला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही.”

तूर दाबून धरली की भाव चढतो, हे ज्याला बापाच्या मांडीवर कळलं, तो फोनच्या बाबतीत मात्र समजतो की कंपनीकडं बिचारीकडं डबेच कमी पडले. तसे ते कधीकधी खरोखर कमी पडतातही. २०२१ मध्ये चिपांचा जगभर दुष्काळ होता, तेव्हा गणेश चतुर्थीला यायचा ‘जिओफोन नेक्स्ट’ दिवाळीपर्यंत लांबला. पण चार सेकंदांत संपणारा माल मुळात कितीसा ठेवला होता, हे कंपनी दर वेळी आधी सांगतेच असं नाही. शेतकरी निदान पोती मोजून आडतीवर टाकतो.

तसा हा आजार आप्पांच्या घराण्यातला. त्यांच्या वडिलांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला होता. त्या काळात चेतकला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि हातात आलेली नवी गाडी शोरूमच्या किमतीपेक्षा जास्त भावानं विकली जाई. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी उघडली तेव्हा दहा-दहा हजार रुपये भरून लाखावर लोकांनी नंबर लावले होते. आप्पांच्या वडिलांची चेतक अखेर आली. त्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला, आणि आठवड्याच्या आत वरचे पैसे घेऊन विकून टाकली. मग पुन्हा नंबर लावला. बाप धंदा करत होता. लेक नाद करतो.

आयफोन १७ च्या वेळी मात्र आप्पांनी कंबर कसली. रंग केशरीच पाहिजे, कारण त्याचाच तुटवडा. १२ सप्टेंबरला संध्याकाळी साडेपाचला बुकिंग उघडलं, आणि आप्पांच्या पडद्यावर पोहोचवायची तारीख थेट पुढच्या महिन्यातली आली. १९ तारखेला सकाळी विक्री सुरू झाली. मुंबईत बीकेसीच्या अॅपल स्टोअरबाहेर रांगेत धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षक मधे पडले, टीव्हीवर दिवसभर तेच. मला वाटलं, हे बघून आप्पा शहाणे होतील. आप्पा टीव्हीकडं बघत हळहळले, “मार खाल्ला, पण पहिल्या रांगेत खाल्ला!”

त्यात भर म्हणजे आयफोन १७ बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीच्या फॉक्सकॉन कारखान्यात बनू लागलेला. म्हणजे आपल्याच राज्यात. आप्पांचा संताप अनावर झाला. “आमच्या राज्यात तयार होतो, अमेरिकेला जातो, मुंबईला जातो, आणि भालकीला येत नाही! तीनशे एकाहत्तर जे कशाला दिलं मग?” हैदराबाद-कर्नाटकाच्या मागासलेपणासाठी आणलेल्या त्या घटनात्मक तरतुदीत नोकऱ्या आणि शिक्षणाची सोय आहे, केशरी आयफोनाची नाही, हे सांगून मी वाद वाढवला नाही.

मग पायपीट. कलबुर्गीच्या सुपर मार्केट भागातला दुकानदार म्हणाला, “स्टॉक इल्ल री. नाळे बर्री.” उद्या या. आप्पा दुसऱ्या दिवशी गेले. नाळे बर्री. तिसऱ्या दिवशी गेले. कर्नाटकात एके काळी रात्री दार ठोठावणाऱ्या भुताला परतवायला लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवत. भूत वाचायचं, परत जायचं, आणि दुसऱ्या रात्री इमानेइतबारे पुन्हा यायचं. ‘स्त्री’ नावाच्या हिंदी सिनेमानं ती गोष्ट देशभर नेली. आप्पा त्या भुताच्याच इमानदारीनं जात राहिले. चौथ्या खेपेला दुकानदाराला दया आली. आतून हळूच एक डबा निघाला. पण सोबत कव्हर, काच, चार्जर, कानातले आणि दोन वर्षांचा विमा घ्यायचा. सुटा फोन नाही. खत घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात नको असलेली औषधाची बाटली मारतात, तो प्रकार आप्पांना गावात चांगला ठाऊक होता. ते बाणेदारपणे उठले आणि थेट हैदराबादला आबिड्सच्या जगदीश मार्केटात गेले. तिथं विमा-बिमा काही नव्हतं. फक्त वरचे पैसे इतके मागितले की आप्पा चहासुद्धा न पिता परतले.

पुढं काही आठवड्यांनी आमच्या भालकीतल्या दुकानात तोच फोन आला. काचेत ठेवलेला, केशरी, छापील किमतीला, वर हप्त्यांची सोय. मी धावत जाऊन आप्पांना सांगितलं. आप्पांनी सोयाबीनचा नमुना तळहातावर घेतला होता, त्यातून मान वर न काढता म्हणाले, “आता काय, कोणीबी घेईल.” आणि अठरामध्ये काय येणार, ते मला सांगू लागले.

आप्पांचा फोन त्या दिवशी टळला आणि काकूंची सतरा क्विंटल तूर वाचली. पण सगळ्याच घरी काकू नसतात, म्हणून हे लिहून ठेवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी नियम काढून ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. यादीत पहिलीच युक्ती आहे ती खोट्या घाईची. माल संपत आल्याची किंवा वेळ सरत आल्याची खोटी भीती घालून ग्राहकाला बोट मारायला लावणं त्यात येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथं मराठीतही तक्रार घेतात, कन्नडातही. तुमच्या घरी एखादे आप्पा असतील तर हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून द्या. दोन्ही फोनमध्ये घाला, कारण त्यातला एक ‘सध्यापुरता’ असतो.