रिपोर्ट नॉर्मल, पोट दुखतंच

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.’ पोट धरून आलेल्या माणसाला हे ऐकवणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. काही झालेलं नाही, तर तो एसटीत बसायच्या आधी उपाशी का राहतो? लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर संडास कुठे आहे ते का बघून ठेवतो?

अशा दुखण्यामागचा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम, सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तातही सापडत नाही. तो सापडतो विचारपूस केल्यावर. त्याच्या निदानाचे २०१६ चे ‘रोम ४’ निकष नीट विचारायला दहा मिनिटं पुरतात. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं का? शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी-जास्त होतं का? खेपा बदलल्या का? खडा होतो की पातळ? दुखणं आहे, पुढच्या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळतात आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेत, तर आयबीएसचा संशय पक्का होत जातो. शौचाचे प्रकार चित्रांत दाखवणारा ब्रिस्टलचा तक्ता समोर धरला, की लाजाळू माणूसही सात चित्रांपैकी आपल्या चित्रावर बोट ठेवतो.

मात्र वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन घसरलंय, ताप येतोय, जुलाब झोपेतून उठवतायत, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालंय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, यातलं एक जरी असलं तरी नुसत्या विचारपुशीवर थांबता येत नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबीही पोटदुखीच्या आडून येतो. तिथे पुढचा तपास, गरज पडली तर दुर्बीणसुद्धा, हवीच.

असं काही नसेल तर हिमोग्राम, सीआरपी, जुलाब असल्यास शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि सीलिॲकची रक्तचाचणी, एवढ्यावर बहुतेकदा भागतं. एकेक आजार बाद करत बसू नका, लक्षणांवरून निदान करा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२१ मध्येच सांगितलंय. तरी पेशंटची फाइल फुगतच जाते. आधी सोनोग्राफी, मग सीटी, मग दुसरे डॉक्टर आणि पुन्हा सोनोग्राफी. दर नॉर्मल रिपोर्टगणिक त्याची धास्ती वाढते, कारण दुखणं होतं तिथेच असतं.

पुढच्या वेळी जाताना फाइलवर एक कागद ठेवा: कधी दुखलं, काय खाल्लं होतं, किती खेपा झाल्या, तक्त्यातला कोणता प्रकार. तो न वाचताच डॉक्टर नवी चाचणी लिहायला लागले, तर ती कशासाठी, हे तिथेच विचारा.