वर एक वांगं

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात एक म्हातारी भाजी घेऊन बसायची. तागडीचं पारडं खाली टेकलं, तरी ती वर एक वांगं टाकायचीच. आई म्हणाली, "कायले वो मावशी, झालं ना बरोबर!" म्हातारी म्हणाली, "असू दे बाई, देव पाह्यते." मी मान वर करून पाहिलं. वर फाटकी ताडपत्री होती.

तोच देव मला मात्र सावकारासारखा वाटायचा. गणिताचा पेपर सोपा गेला तर मारुतीला नारळ, असा माझा करार असे. पेपर सुटला की नारळ पुढच्या परीक्षेवर ढकलायचा. मॅट्रिकपर्यंत सात नारळ थकले. मग उधारीवाल्या गिऱ्हाइकानं किराणा दुकान टाळावं, तसा मी देवळाचा रस्ता टाळून शाळेत जाऊ लागलो.

पुढे बायबल हाती आलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून ते मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते ग्रंथरूपानं निघालं. त्यातलं 'नीतिसूत्रे' सुरुवातीलाच बजावतं, की ज्ञानाचा आरंभ परमेश्वराच्या भयातून होतो. वाचून मी सुखावलो. भयाच्या हिशेबानं मी लहानपणीच महाज्ञानी ठरत होतो!

पण इथं हिब्रू शब्द आहे 'यिरा'. त्यात भीती आहे तशी अदबही आहे. छातीत भरणाऱ्या धडकीला 'पखद' हा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे भीती आणि धाक यांत असंच अंतर आहे. भीतीनं माणूस रस्ता बदलतो, धाकानं आहे तिथंच नीट वागतो. रुडॉल्फ ओटो या जर्मन विचारवंतानं 1917 साली लिहिलं, की पवित्र गोष्टीपुढं अंगावर काटाही येतो आणि पाय तिकडेच ओढतात. माझे पाय उलट्या दिशेला ओढत होते, म्हणजे माझं प्रकरण पखदाचं.

बायबलातल्याच 'ईयोब' या पुस्तकात तर सैतान देवाला थेट विचारतो, की हा ईयोब तुला काय फुकट भितो? गुरंढोरं, लेकरंबाळं, भोवती कुंपण, सगळं तूच दिलंस ना? सैतानानं नेमकं माझ्या सात नारळांवर बोट ठेवलं होतं.

म्हातारीवर मात्र ते ठेवता आलं नसतं. जास्तीच्या वांग्यात तिचा तोटाच होता. 'नीतिसूत्रे'ही देवाला तागडीपाशीच आणून बसवतं. खोट्या काट्याचा त्याला वीट आहे आणि पिशवीतली वजनं त्याचीच आहेत, असं ते सांगतं. म्हातारीनं ते पुस्तक पाहिलंही नसेल. तिच्या पिशवीतली वजनं तेवढी खरी होती.

परवा गावी गेलो, तेव्हा ठरवलं, की आता मारुतीची उधारी फेडायची. देवळाबाहेरच्या दुकानात सात नारळ घेतले, वाजवून पाहिले, भावात थोडी घासाघीस केली. पैसे देताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, "सात घेतोय भाऊ, वर एखादा द्याल ना?"