पथ्याच्या प्रदक्षिणा

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न दादरकरांनी कधीच निकालात काढला आहे. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या आणि झालेली झीज लगेच ‘आस्वाद’मध्ये भरून काढायची. तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. तेव्हापासून ती खाणं हा जिभेचा नव्हे, अस्मितेचा विषय झाला. अस्मितेपुढे कोलेस्टेरॉलची काय बिशाद!

चतुर्थीला तर धर्मही मदतीला धावतो. ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा कागदी रुमालाने दोनदा टिपला की पथ्याचा होतो, असं इथलं वैद्यकशास्त्र सांगतं. सोबतीला पीयूष. म्हणजे केशर-जायफळ घातलेला श्रीखंडाचाच पातळ अवतार. पण तो ग्लासातून येत असल्यामुळे गोडात मोजत नाहीत.

गिरगावकर हे ऐकून नाक मुरडतात. पणशीकरांचं पीयूष आणि ‘विनय’ची मिसळ सोडून दादरला कोण जाणार? दादर त्यांच्या लेखी अजून उपनगरच. लालबागकर वादात पडत नाहीत. ते ‘लाडू सम्राट’मधून गुपचूप नातवंडांसाठी लाडू नेतात. नातवंडं न्यू जर्सीत असतात, ही बाब वेगळी.

एका बाबतीत मात्र तिन्ही गटांचं एकमत आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा वाढून आला, तर लॅब बदलायची.