पीएफसकट अनुभव

‘फ्रेशर पाहिजेत. अनुभव 2 ते 3 वर्षे.’ ही जाहिरात वाचून जे हसतात त्यांना हिंजवडीचं अर्थशास्त्र कळलेलं नाही. फ्रेशर हवा असतो तो पगारापुरता. कामाला अनुभवीच लागतो. दोघंही एकाच माणसात सापडले तर कंपनीचे पैसे वाचतात, इतकी ती जाहिरात सरळ आहे. घाऊक भरतीतलं साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं जागचं फारसं हललेलं नाही. अ‍ॅप्रेझल मिळालं ते कॉटच्या भाड्याला आणि मेसच्या डब्याला.

दुखणं पुण्यापुरतंही नाही. 2020 साली एका जाहिरातीत फास्टएपीआय हे सॉफ्टवेअर वापरल्याचा किमान चार वर्षांचा अनुभव मागितला होता. ते ज्यानं तयार केलं त्या सेबास्तियान रामिरेझनं जाहीर करून टाकलं की, मला काही अर्ज करता येणार नाही, ते तयार करूनच मला दीड वर्ष झालंय. त्याआधी 2015 मध्ये मॅक्स हॉवेल गूगलमधून रिकाम्या हातानं परतला. त्याचं होमब्रू हे सॉफ्टवेअर तिथले बहुतेक इंजिनिअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटं करून दाखवणं आपल्याला जमलं नाही, हे त्यानंच सांगितलं. ज्यांनी अवजारं घडवली त्यांची ही गत, मग परभणीहून आलेल्या माझ्या भाच्याचा काय पाड!

भाचा पुण्यात बी.ई. झाला आणि कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहिला. एम-थ्री हा गणिताचा पेपर सुटायला वेळ लागल्यानं ‘थ्रूआउट साठ टक्के, नो बॅकलॉग’ या चाळणीत तो पहिल्याच झटक्याला खाली पडायचा. रेझ्युमेवर प्रोजेक्ट होता : लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. सगळ्या वर्गाचा तोच होता. दरवर्षी अशा डझनभर सिस्टिम बाहेर काढणाऱ्या त्या कॉलेजात पुस्तक मात्र अजून रजिस्टरवर सही करूनच मिळतं. मग कुणीतरी सांगितलं, गिटहबवर रोज हिरवा चौकोन दिसला पाहिजे. मागच्या तारखा टाकून वर्षभराचे चौकोन एका दमात हिरवे करणारी स्क्रिप्टही गिटहबवरच मिळते. ती ज्याला स्वतः लिहिता येईल त्याला खरं तर तिथल्या तिथं ऑफर लेटर द्यावं. पण लिहितंय कोण, सगळे डाउनलोड करतात.

2007 च्या सुमाराला फिझबझ नावाची एक परीक्षा गाजली होती. एक ते शंभर आकडे छापायचे. तिनानं भाग गेला तर ‘फिझ’, पाचानं गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. कोड येणाऱ्याला दहा मिनिटं पुष्कळ झाली, न येणाऱ्याला रात्र पुरत नाही. त्यानंतर एक बिघडलेला प्रोग्राम पुढ्यात ठेवावा आणि पोरगा बिघाड कसा शोधतो ते शेजारी बसून बघावं. माझ्या मते एवढ्यात माणूस कळतो. पण मग अ‍ॅप्टिट्यूड, टेक्निकल एक, टेक्निकल दोन, मॅनेजेरियल आणि एचआर या मंडळींनी दिवसभर करायचं काय? एचआरनं भाच्याला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस? तो मला म्हणाला, ‘मामा, कॉटचं भाडं पाच तारखेला द्यायचंय. माझी नजर तिथपर्यंतच पोचती.’

शेवटी आम्ही एका कन्सल्टन्सीत गेलो.

‘सर, आपल्याकडे दोन प्रकार आहेत,’ तिथले साहेब म्हणाले. ‘साधा अनुभव आणि पीएफसकट अनुभव.’

साध्यात ऑफर लेटर, सॅलरी स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर. पण त्याला हल्ली उठाव नाही. कंपन्या यूएएनवरून पीएफ तपासतात. कुणी, कधी, किती भरले ते तिथं दिसतं. म्हणून दुसरा प्रकार. त्यात दरमहा खरोखरीचे पैसे भरले जातात.

‘कोण भरतं?’

‘मुलगाच भरतो ना, सर.’

योजना अशी. भाच्यानं महिन्याला पंचवीस हजार रोख आणून द्यायचे. कंपनी तेच ‘पगार’ म्हणून त्याच्या खात्यात टाकणार. 15,000 मूळ वेतनावर 12 टक्क्यांनी कर्मचाऱ्याचे 1,800 आणि मालकाचे 1,800, दोन्ही भाच्याच्याच खिशातून. वर कन्सल्टन्सीची फी. मालक आणि मजूर हा भेदच मिटला. कॉम्रेड डांग्यांना जन्मभर जे जमलं नाही ते इथं एका गाळ्यात चाललं होतं.

‘आणि व्हेरिफिकेशनचा फोन आला तर?’

‘मॅडम आहेत ना.’

कोपऱ्यातल्या मॅडमपुढे अर्धा डझन मोबाइल होते, प्रत्येकावर वेगळ्या कंपनीची चिठ्ठी. त्यांनी लगेच म्हणून दाखवलं, ‘मुलगा फार मनमिळाऊ. आम्ही त्याला सोडायलाच तयार नव्हतो.’

भाच्याचं लक्ष मात्र साहेबांच्या स्क्रीनवर. महिनाअखेर होती, स्लिपा एक्सेलमध्ये हातानं भरणं चाललं होतं, आणि एकाचा पीएफ दुसऱ्याच्या नावावर जात होता. न राहवून त्यानं खुर्ची ओढली, पायथनमध्ये काहीतरी खरडलं आणि चहा येईपर्यंत सगळ्या स्लिपा बिनचूक बाहेर पडल्या. साहेब बघतच राहिले. ‘इथंच लाग,’ म्हणाले. ‘बारा हजार देतो. पीएफ आम्ही भरू.’

वर्षभर त्यानं तिथं मान मोडून काम केलं. कुठला पोरगा कुठल्या कंपनीत ‘आहे’, कुणाच्या तारखा एकमेकींवर चढतायत, कुठला फोन कुणी उचलायचा, सगळं एका प्रणालीत बसवलं. निघताना अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दुकानातून बाहेर पडलेलं बहुधा पहिलंच खरं.

पुढे एका मोठ्या कंपनीत तो पाचही फेऱ्या पास झाला आणि व्हेरिफिकेशनमध्ये अडकला. बनावट अनुभव विकणाऱ्यांच्या काळ्या यादीत आपली कन्सल्टन्सी होती.

‘मॅडम, मी तिथं खरंच काम केलंय,’ तो एचआरला म्हणाला.

‘सगळे हेच सांगतात.’

तरी त्यांनी नियमाप्रमाणे फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘मुलगा फार मनमिळाऊ. आम्ही त्याला सोडायलाच तयार नव्हतो.’